बाळ्याच्या पथ्याचं भांडं

मी एक जुनं, लांबट, मातीचं ओव्हनचं भांडं आहे, मित्रांनो. बाहेरून निळं, आतून पांढऱ्या झिलईचं. माझा एक कान तुटला आहे आणि तळाला टोमॅटोचा डाग कायमचा बसला आहे. दिसायला मी आता काही देखणा राहिलेलो नाही. पण मी पोटात जे वागवलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

कुंभाराने मला साच्यात घडवलं, भट्टीत दोनदा भाजलं आणि बोटाने टिचकी मारून पाहिली. आवाज खणखणीत आला. दुकानाच्या काचेमागे मी फार दिवस राहिलो नाही. अक्का आली, तिने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि छातीशी धरून घरी नेलं.

अक्का इस्पितळाच्या धुलाईघरात उसवलेल्या चादरी शिवायची. दोन खोल्यांत एकटीच राहायची. सुट्टीच्या दिवशी धुलाईघरातल्या बायका तिच्याकडे जेवायला येत. मी भरलेला ओव्हनमधून बाहेर आलो की सगळ्या एकदम गप्प होत आणि मग एकदम बोलू लागत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग तिच्या धाकट्या भावाला हृदयाचा झटका आला. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. "शिकाऊंच्या शेजारी बसून माझं काळीज आधीच अर्धं झालं होतं," असं तो इस्पितळातही हसत सांगत होता. डॉक्टर हसले नाहीत. लोणी, मलई, तळण बंद. मिठाला हात आखडता, असं त्यांनी बजावलं. भावजयीची नोकरी फिरतीची. पथ्य सांभाळायचं कोणी? अक्काने नोकरी सोडली आणि एक पिशवी व मला घेऊन ती भावाच्या घरी आली.

पहिल्या दिवशी तिने वांगी आणि ढोबळी मिरची भाजून घेतली. लसणावर टोमॅटो आटवले. अख्ख्या गव्हाचा पास्ता अर्धाकच्चाच उकडला, कारण उरलेला तो माझ्या पोटात शिजणार होता. मांसाऐवजी काबुली चणे, मूठभर पालक, थोडी ऑलिव्ह, वरून ऑलिव्हच्या तेलाची धार आणि नावापुरतं चीज.

भावाने ताट सरकवलं. "अक्का, मी माणूस आहे, शेळी नाही. सगळा पालाच की गं!"

"एक घास खा, बाळ्या. नाही आवडला तर मला बोल लाव."

त्याने एक घास खाल्ला, मग दुसरा. शेवटी त्याने माझ्या कडेला चिकटलेलं कुरकुरीतसुद्धा चमच्याने खरवडून घेतलं. अक्का पाहतच राहिली. तिच्या वाट्याला तळाचा रस उरला होता. तो तिने ओट्यापाशी उभ्याउभ्याच संपवला.

असं कितीतरी महिने चाललं. भावाच्या गालावर रंग आला, तो जिने चढू लागला. डॉक्टरांनी पाठ थोपटली, तेव्हा त्याने मित्रांना जेवायला बोलावलं. स्वयंपाक अक्काचा. बाहेरच्या खोलीत भावाने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हिनं मला मरणाच्या दारातून ओढून आणलं." टाळ्या वाजल्या. भावजय लाजून हसली. आत अक्का मला घासत होती. तिचा हात क्षणभर थांबला. मग ती आणखी जोराने घासू लागली.

काही दिवसांनी भावजय गोड आवाजात म्हणाली, "वन्सं, तुम्हाला तरी किती अडकवून ठेवायचं? आणि यांना तुमच्या खोलीत ऑफिस करायचंय."

अक्काने पिशवी भरली. मलाही उचललं. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "हे राहू दे गं इथं. तू एकटी, तुला कशाला एवढं मोठं भांडं?"

"खरंच की," अक्का म्हणाली आणि मला खाली ठेवून गेली.

तिच्या जागेवर धुलाईघरात दुसरी बाई लागली होती, हे मला फोनवरच्या बोलण्यातून कळलं. भाऊ अधूनमधून फोन करायचा. "अक्का, वांगी आधी भाजायची ना? मीठ किती?" ती धापा टाकत सगळं नीट सांगायची. तू जेवलीस का, हे त्याने कधी विचारलं नाही. पुढे फोनही थांबले आणि मी दाराजवळ किल्ल्या टाकायच्या कामी आलो. असाच एकदा जुडगा आपटला आणि माझा कान तुटला.

एका सकाळी अक्काच्या शेजारणीचा फोन आला. "तुमची बहीण फार खंगलीय हो. घशाखाली घास उतरत नाही. येऊन जा."

भाऊ खजील झाला. किल्ल्या ओतून त्याने मला स्वतः धुतलं, स्वतः भाज्या भाजल्या. घरभर तोच वास दरवळला. त्याने मला टॉवेलात गुंडाळलं आणि दार उघडलं, तर समोर एक जुना विद्यार्थी, सहकुटुंब. "अरे वा, वास काय सुटलाय!"

"थोडंसं वाढतो," भाऊ म्हणाला. थोडंसं करता करता माझा तळ दिसला.

"उद्या ताजं करून नेऊ," भावजय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पास्ता उकळत असताना पुन्हा शेजारणीचा फोन आला. अक्का गेली होती.

भेटायला धुलाईघरातल्या बायका आल्या. त्यांतली एक डोळे पुसत म्हणाली, "आम्ही सगळ्या तिच्या आठवणीला एकत्र जेवणार आहोत. तिच्या आवडीचं काय करू?"

भाऊ म्हणाला, "हा... भाजलेला पास्ता."

"तो तर तुमच्या पथ्याचा. तिला काय आवडायचं?"

भावाने बायकोकडे पाहिलं. बायकोने जमिनीकडे. ती बाईच मग हळूच म्हणाली, "आम्हीही नेहमी तिच्या हातचं खाल्लं. विचारलं कुणीच नाही."

मित्रांनो, मला कान तुटल्याचं, किल्ल्यांचं फारसं दुःख नाही. माती आहे मी. पण तुमच्या घरात जो कोणी सगळ्यांना वाढून मागाहून जेवतो, त्याला आजच समोर बसवा. त्याला काय आवडतं ते विचारा, आणि तेच करून पहिला घास त्याला द्या. कारण तिच्या हाताखाली एवढी वर्षं काढूनही, अक्काला काय आवडायचं, ते मलासुद्धा माहीत नाही.