सुयांवरची सात कामं

आमची आत्या एका शाळेच्या कार्यालयात कारकून होती. लग्न केलं नव्हतं, आमच्याच घरी मागच्या खोलीत राहायची. कामावरून आली की चहा घ्यायचा आणि विणायला बसायचं, हा तिचा वीस वर्षांचा नेम. कपाटाचे तीन खण, पलंगाखालच्या दोन बॅगा, सगळीकडे लोकर. आई म्हणे, "पाहुणा आला तर त्याला लोकरीवरच झोपवावं लागेल."

एक काम संपायच्या आत आत्या दुसरं सुरू करायची. बाबांचं निळं स्वेटर चार वर्षं चाललं होतं. दुसरी बाही तेवढी अर्धी राहिली होती. बाबा विचारत, "या जन्मी मिळेल का?" ती म्हणे, "थंडी कुठे पळून चाललीय, दादा?"

मग तिला झटका आला आणि डावी बाजू गेली. तेव्हा सुयांवर सात कामं अडकलेली होती.

महिन्याने ती दवाखान्यातून घरी आली. बोलणं जवळजवळ पूर्वीसारखं, चालणं काठीने. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच पडून राही. आठवडाभराने तिने मला निळी बाही काढायला सांगितली. डावी सुई काखेत धरून पाहिली, मग गुडघ्यांत. शेवटी मी ती टेबलाच्या खणात चिमटून दिली. सकाळभर खपून एक ओळ झाली. खण उघडताना सुई निसटली आणि दहा-बारा टाके खाली ओघळले. मी ते उचलायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला आणि बराच वेळ त्या टाक्यांकडे नुसती बघत राहिली.

आईने लोकरीच्या दुकानातल्या बाईंना बोलावलं. त्या बाही आणि स्वेटरचे बाकीचे भाग घेऊन गेल्या आणि आठ दिवसांनी पुरं स्वेटर घेऊन आल्या. बाबांनी लगेच अंगात घातलं.

"वा, मस्त बसलंय."

आत्याने त्यांना खिडकीपाशी बोलावलं. उजव्या हाताने बाही चाचपत कोपराच्या जरा खाली थांबली. तिथून पुढची वीण आवळलेली होती.

"इथपर्यंत मी आहे," ती म्हणाली.

"मला तर काही फरक कळत नाही गं."

"तुला नाही कळत, दादा."

दुकानातल्या बाई ओशाळल्या. "माझा हात जरा घट्टच आहे. उसवून पुन्हा करून देते."

"तुमची काही चूक नाही. ज्याचा त्याचा हात असतो." मग ती म्हणाली, "बाकीचंही घेऊन जा. सहा कामं आहेत, ती उसवा. लोकर चांगली आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"अगं, एवढी घाई कशाला?" आई म्हणाली. "हात येईल परत."

"वहिनी, डॉक्टर दाराबाहेर तुम्हाला काय सांगत होते, ते मी ऐकलंय. कान शाबूत आहेत माझे."



दुसऱ्या दिवशी मी ती कामं आणि घरातली सगळी लोकर पोत्यांत भरायला बसले. पलंगाखालच्या एका बॅगेच्या तळाशी एक जांभळं जाकीट निघालं, पाठीपुरतंच झालेलं. त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर आत्याच्या अक्षरात माझी मापं होती. मला ठाऊकच नव्हतं.

"हे राहू दे ना, आत्या."

"नुसती पाठ घालून कुठे जाणार तू? टाक त्यात."

मी टाकलं. पाच पोती गेली. रिकाम्या खणांत आईने चादरी रचल्या.

आता संध्याकाळी चहा झाला की आत्याला काय करावं ते कळेना. आम्ही टीव्ही लावायचो, ती त्याच्याकडे तोंड करून बसायची. एकदा मी दुकानातून जाड सुया आणि पांढऱ्या लोकरीचा गुंडा आणला. म्हटलं, "मला शिकव." तिने शांतपणे टाके घालायला सांगितले. मी वेडेवाकडे घातले. दोनदा तिने समजावलं. तिसऱ्यांदा दाखवायला म्हणून उजवा हात पुढे आला, डावा आला नाही. तिने उजवाही मागे घेतला.

"दमले मी," ती म्हणाली.

"उद्या बसू या?"

"नको गं. उद्याही नको."

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी तिच्या अंगावर पांघरूण घातलं. झोपली नव्हती. पाठीवरून कळत होतं.