अण्णाला सांगितलेला आकडा

मनस्विनीची उंची पाच फूट एक इंच आणि वजन चौऱ्याऐंशी किलो. आपल्या वजनावर सख्ख्या भावाचा जीव अडून राहील, असं तिला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.

भाऊ म्हणजे विश्वेश्वर, तिचा अण्णा, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा जयनगरच्या सेंटरमध्ये चार-चार तास डायलिसिस चालायचं. वहिनीला, पद्मावतीला, मधुमेह, त्यामुळे तिचं मूत्रपिंड चालणार नव्हतं. मूलबाळ नव्हतं. मनस्विनीचा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. रिपोर्ट हातात आला तेव्हा कुणी विचारायच्या आत ती म्हणाली, "मी देते." वहिनी तिच्या गळ्यात पडून रडली.

डॉक्टरीणबाईंनी मात्र घाई केली नाही. "आधी वजन," त्या म्हणाल्या. "बहात्तरच्या खाली या, मग तारीख ठरवू. आत्ता एक काढलं तर उरलेल्यावर जन्मभर ताण येईल. आणि उपाशी राहू नका. सावकाश उतरू दे."

पहिले पाच आठवडे मनस्विनीने कंबर कसली. येलहंक्याच्या तळ्याभोवती रोज सकाळी दोन फेऱ्या, सोबतीला नवरा वादिराज. भात वाटीभर, साखर बंद, रात्री नाचणीच्या उकडीचे मुद्दे आणि आमटीसारखं पातळ सारू. चार किलो उतरले. दर रविवारी अण्णाचा फोन यायचा. "किती ग, मनू?" ती आकडा सांगायची आणि पलीकडे तो मोठ्याने वहिनीला ओरडून सांगायचा, जणू क्रिकेटचा स्कोअर.

मग काटा ऐंशीवर जाऊन बसला. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. फेऱ्या दोनाच्या तीन झाल्या, तरी ढिम्म हलेना. डॉक्टर म्हणाल्या, असं होतंच, धीर धरा. पण रविवार काही धीर धरत नव्हता. तिसऱ्या रविवारी अण्णाने विचारलं, "किती?" आणि तिच्या तोंडून गेलं, "एकोणऐंशी."

किलोभराचाच तर फरक, पुढच्या आठवड्यात भरून काढू, असं तिने स्वतःला समजावलं. पुढच्या आठवड्यात काही भरून निघालं नाही. आणि एकदा एकोणऐंशी सांगितल्यावर पुन्हा ऐंशी कसं सांगणार? मग अठ्ठ्याहत्तर झालं, मग साडेसत्त्याहत्तर. तिच्या तोंडातलं वजन भराभर उतरत होतं, अंगावरचं जागच्या जागी होतं.

खरं तर ते जागच्या जागीही नव्हतं. ऑफिसमधून येताना ती कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीत थांबायला लागली होती. "अक्का, स्वल्प थांबा, खारा बन गरम येतोय," बेकरीवाला मंजुनाथ म्हणायचा, आणि ती थांबायची. तिथेच उभी राहून दोन बन खायची, वर लोण्याची बेण्णे बिस्किटं, मग पदराने तोंड पुसून घरी. भूक नसायची. एका संध्याकाळी दुसरा बन खाताना तिला एक गोष्ट जाणवली. वजन उतरत नाही याचं तिला आत कुठेतरी बरं वाटत होतं. ऐंशीवर होती तोवर तिला कुणी ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नव्हतं.

तिला भीती वाटत होती. सहीसाठी दिलेल्या कागदावर काय काय होऊ शकतं ते सगळं बारीक अक्षरांत लिहिलं होतं आणि तिने ते अनेकदा वाचलं होतं. मुलगी ऋचा अजून कॉलेजात होती. पण "मी देते" म्हणून बसल्यावर भीती वाटते हे सांगायचं कुणाला? ज्याने तिला सायकल शिकवली, बाबा गेल्यावर बारावीच्या प्रत्येक पेपराला सोडलं आणि पेपर सुटेपर्यंत गेटबाहेर थांबला, त्या अण्णाला?

तीन महिने झाले. तिने सांगितलेला आकडा होता चौऱ्याहत्तर. खरा होता साडेऐंशी.

त्याच आठवड्यात अण्णाला हुडहुडी भरून ताप आला. ॲडमिट करावं लागलं. मनस्विनी धावत गेली, तेव्हा वहिनी बाहेरच्या बाकावर बसली होती.

"मानेतल्या नळीतून इन्फेक्शन गेलं रक्तात," वहिनी म्हणाली. "डायलिसिसची ती नळी तात्पुरतीच असते ग. महिनाभर डॉक्टर सांगतायत, हाताचं छोटं ऑपरेशन करून घ्या, मग हातातूनच डायलिसिस होईल, नळी काढता येईल. तर हे ऐकायलाच तयार नाहीत. म्हणे, कशाला? मनू चौऱ्याहत्तरवर आलीय, महिन्याभरात सगळंच होणार आहे."

मनस्विनी तिच्याशेजारी बाकावर बसली. वहिनीने तिला पाणी दिलं. "तू नको काळजी करू. तू तुझं चालणं चुकवू नकोस," ती म्हणाली, आणि त्या शब्दांनी मनस्विनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णा आठ दिवसांनी बचावून घरी आला. नवव्या दिवशी मनस्विनी एकटीच डॉक्टरांसमोर जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. आकडे, बेकरी, भीती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला नाही म्हणायचा अधिकार आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही घरच्यांना एवढंच सांगू की तपासणीत तुम्ही बसत नाही. कारण कुणाला कळणार नाही. भावालाही नाही."

सुटकेचा दरवाजा असा सताड उघडलेला तिने प्रथमच पाहिला. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण 'बसत नाही' म्हटलं की अण्णा तिचीच समजूत घालायला येणार, 'तू तर किती केलंस' म्हणणार, आणि ते ऐकत आपल्याला जन्म काढावा लागणार, हे तिला दिसलं.

"मला विचार करू द्या," ती म्हणाली, आणि तिथून थेट डायलिसिस सेंटरवर गेली.

अण्णा खुर्चीत पडून होता, शेजारी मशीन घरघरत होतं. तिने स्टूल ओढलं आणि एका दमात सांगून टाकलं. चौऱ्याहत्तर खोटं होतं, साडेऐंशी खरं. ताप तिच्यामुळे आला.

त्याने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "मी इथून उठून जाऊ शकत नाही, म्हणून इथे येऊन सांगितलंस?"

तिने त्याच्या पायांवरची घसरलेली चादर वर ओढली.

"आठ दिवस पद्मा त्या बाकावर बसून होती, मनू."

"मला माहीत आहे."

"भीती वाटते, एवढं सांगायचं होतंस. मी काय तुला ओढत नेणार होतो?" त्याचा आवाज चिरकला. नर्सने वळून पाहिलं. तो जरा शांत झाला. "पद्माला काही सांगू नकोस. तिला आत्ता कुणावर तरी विश्वास हवाय. जा आता."

पुढचे तीन रविवार फोन आला नाही. मनस्विनी तरी चालत राहिली. आता कुणाला आकडा सांगायचा नव्हता, म्हणून चालणं सोपं झालं असं मात्र नव्हतं. उलट पाऊल जड पडायचं. तिने वादिराजला खरं सांगितलं, त्याने काटा उचलून माळ्यावर ठेवला. "महिन्यातून एकदा काढू," म्हणाला. मंजुनाथलाही तिने सांगितलं, "मी थांबले तर हाकलून दे मला." तो हसला, पण मग खरंच चहाच द्यायला लागला, बिनसाखरेचा.

डॉक्टरांनी तिची गाठ एका बाईशी घालून दिली. बाई बोम्मसंद्राच्या कारखान्यात कामाला, दोन वर्षांपूर्वी मुलाला मूत्रपिंड दिलेली. "भीती गेली का?" मनस्विनीने विचारलं. "छे," बाई म्हणाली. "भीतीसकटच गेले आत." त्या दिवसानंतर मनस्विनीने डॉक्टरांना पुन्हा सांगितलं, "मी देते." या वेळी आवाज बारीक होता, आणि सांगून झाल्यावर ती रडली.

चौथ्या रविवारी फोन वाजला. "किती चाललीस?" अण्णाने विचारलं.

"आज तीन फेऱ्या. काल पाऊस होता, गेले नाही."

"सरी, ठीक," तो म्हणाला. वजन त्याने पुन्हा कधीच विचारलं नाही. हाताचं ऑपरेशन करून घेतलंय, हे त्याने जाता जाता सांगितलं.

एका महिन्यात किलो उतरलं, दुसऱ्यात अर्धाच, एका महिन्यात तर दिवाळीचं तीनशे ग्रॅम चढलं. त्या दिवशी ती काट्यावरून उतरून न्हाणीत जाऊन बसली. हे तीनशे ग्रॅम म्हणजे अण्णाच्या डायलिसिसच्या किती खेपा, हा हिशोब तिच्या डोक्यातून जात नसे. वादिराजने दारावर टकटक केली, "चालायचे बूट काढून ठेवलेत," एवढंच म्हणाला. ती उठली. बहात्तरच्या खाली यायला दहा महिने लागले.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्याच दिवशी अण्णाचं नवं मूत्रपिंड कामाला लागलं. मनस्विनीला विश्रांतीसाठी वहिनीने हट्टाने आपल्याकडे नेलं. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, बहीण असावी तर अशी. वहिनीने तर देवाशेजारी तिचा फोटो लावायचाच काय तो बाकी ठेवला होता. प्रत्येक कौतुकाने मनस्विनीची मान खाली जायची. लोकांना तो विनय वाटायचा.

दहाव्या दिवशी वहिनी तिची वेणी घालत होती, तेव्हा मनस्विनी म्हणाली, "वहिनी, तो ताप माझ्यामुळे आला होता. मी वजन खोटं सांगत होते." आणि राहिलेलं सगळं सांगितलं.

केसांतले हात थांबले. स्वयंपाकघरात कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.

"ह्यांना माहीत आहे?"

"तेव्हापासून."

वहिनी उठून आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. मनस्विनी अर्धवट वेणी तशीच धरून बसून राहिली. वहिनी परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती मागे बसली आणि तिने केस पुन्हा हातात घेतले. पेड आवळताना हात नेहमीपेक्षा जरा जोरातच ओढत होता.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"नाही," मनस्विनी म्हणाली.

"खरं सांग."

"हो. दुखतंय."

वहिनीने हात सैल केला.