सोजरबाईचं वाक्य

उत्तमराव गेले तेव्हा सोजरबाई रडली नाही, ही गोष्ट सगळ्या बोथ गावाला ठाऊक होती. उत्तमराव नव्या मंडल कचेरीत सरकारी कारकून. कावीळ झाली, अंगावर काढली आणि गेले. सासूने, चंपाबाईने, असा हंबरडा फोडला की रस्त्यावरची माणसं थांबली. सोजरबाई मात्र भिंतीला टेकून बसली आणि कोणी पाणी दिलं की पीत राहिली. तिला रडायचं नव्हतं असं नाही. रडायला आत काही सापडत नव्हतं.

नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्या एकाला नोकरी मिळे आणि पहिला हक्क विधवेचा. पण अटेंडरच्या, म्हणजे शिपायाच्या, जागेला सातवी पास लागत होती. सोजरबाई पैनगंगेपल्याडची, पांढरकवड्याकडची. मराठी पाचवी शिकली आणि लग्न करून नदी ओलांडून आली. नदीला उन्हाळ्यात पाणी ते केवढं, पण अलीकडे आंध्र प्रदेश होता आणि त्या सरकारला तिची पाचवी ओळखीची नव्हती. सातवीला बसायचं तर तेलुगूचा पेपर चुकत नव्हता. त्यात ती नापास झाली की जागा जाणार धाकट्या दिराला, बाबारावला. तो दहावी पास होता आणि पानठेल्यावर उभं राहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

चंपाबाई कोणाच्या बाजूने आहे हे काही लपून नव्हतं. “जिले नवऱ्याचं दुःख नाही, तिले नवऱ्याची नोकरी काऊन पाहिजे?” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. तेही सुनेच्या देखत, तिने ऐकावं म्हणूनच.

सोजरबाईला राग यायला हवा होता. तोही येईना. नोकरी गेली तर जन्मभर दिराच्या तोंडाकडे बघून भाकरी खायची, एवढं मात्र तिला पक्कं कळत होतं. म्हणून ती पोशेट्टी सारच्या वर्गात जाऊन बसू लागली.

मोठ्या माणसांचा तो वर्ग शाळा सुटल्यावर भरे. पोरांच्या बुटक्या बाकांत गुडघे अडकवून बायाबापडे बसत आणि सार त्यांच्यावर पोरांवर ओरडावं तसंच ओरडत. माणूस मनाचा मऊ, फक्त आवाज बैल हाकायचा. सोजरबाईशी ते हिंदीत बोलत, आणि ती हिंदी दोघांनाही नीट कळत नसे. तेलुगू अक्षरं सगळी गोल. वर रेघ नाही, त्यामुळे ओळीत धरायला काही नाही. तरी ती गिरवत राहिली. गिरवताना काही वाटावं लागत नाही, हे तिच्या सोयीचंच होतं.

परीक्षा जवळ आली तसे सार फळ्यावर शब्द लिहायचे आणि एकेकाला उठवून वाक्य करायला लावायचे. सोजरबाईच्या वाट्याला शब्द आला ‘विचारमु’. परक्या बाजारात माहेरचं माणूस दिसावं तसा तो शब्द तिला दिसला. विचार! हा तर आपलाच. ती उठली आणि कोणाला न विचारता लिहून मोकळी झाली: ‘मा आयन पोयारु. अप्पटि नुंडि नाकु विचारमु लेदु.’ आमचे हे गेले, तेव्हापासून मला विचार सुचत नाहीत, असं तिला म्हणायचं होतं.

दही विकणाऱ्या लच्चव्वाने तोंडावर हात ठेवला. सार कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, “अम्मा, तेलुगू में विचारमु बोले तो दुख.”

म्हणजे फळ्यावर लिहिलं होतं, नवरा गेला, तेव्हापासून मला दुःख नाही.

“गलत है?” तिने विचारलं.

“वाक्य सही है,” सार म्हणाले आणि त्यांनी डस्टर तिच्या हातात दिलं.

ती पुसायला वळली. नव्या अर्थाने तिने ते पुन्हा वाचलं आणि पुसायचं कारण तिला सापडेना. डस्टर टेबलावर ठेवून ती जागेवर जाऊन बसली.

लच्चव्वाच्या जिभेला कुठलं हाड. सोजरबाई घरी पोचली तोवर चंपाबाई दारात उभी होती.

“शाळेत लिवून आली म्हनते, का तुले दुःख नाही?”

बाजेवर लोळणारा बाबाराव उठून बसला.

भाषा चुकली, एवढं म्हटलं असतं तरी सुटका होती. सोजरबाईला ते सुचलंही.

“आपला मराठी विचार समजून लिवलं, आत्याबाई. अर्थ मागून कळला. पन मंग पुसलं नाही मी.”

“काऊन?”

“खोटं नोतं ते. काहीच वाटत नाही मले. दुःख नाही, राग नाही. मानूस गेला हे ठाऊक हाय, बस.”

“पाह्य माय, आपल्या तोंडानं सांगून राह्यली,” बाबाराव म्हणाला.

“तू गप.” चंपाबाई उंबऱ्यावर खाली बसली. बोलली तेव्हा तिचा आवाज हंबरड्याच्या बाईचा वाटत नव्हता. “लोकं होते तोवर रडली मी. लोकं गेले अन् मंग मले बी काही सापडलं नाही. पोटचा पोरगा होता माहा. हे मी कोनाले सांगाव?”

म्हातारीला स्वतःची लाज वाटत होती, आणि इतके महिने ती लाज तिने सुनेच्या डोक्यावर ठेवली होती. सोजरबाई तिच्या शेजारी बसली. रडली दोघींतली कोणीच नाही.

“दुःखाले विचारमु म्हनते, हे ठाऊक हाय मले,” चंपाबाई म्हणाली. “जिंदगी गेली तेलुगू बायाईसंगं वावरात निंदनात. पन हे असं काहीच नाही वाटत, त्याले काय म्हनते तेलुगूत?”

“ठाऊक नाही. उद्या सारले विचारीन.”

“विचार,” चंपाबाई म्हणाली. “पेपरात आलं तं चुकू नको.”