माशाचं पाणी

दर रविवारी सकाळी दहाला नौशीनचा फोन यायचा, आणि त्या पाच मिनिटांसाठी वजीरभाई आठवडाभर बारा बरण्या जिवापाड जपायचे.

बरण्यांत पाणपिसवा होत्या, तिळाहून लहान, अंगातून आरपार दिसणाऱ्या. लेक सांगलीच्या कॉलेजात त्यांच्यावर संशोधन करत होती. तिथलं नळाचं पाणी त्यांना मानवेना, म्हणून तिनं हा सगळा संसार लोणंदला बापाच्या विहिरीच्या पाण्यावर आणून ठेवला. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला काम सोपं होतं. डोळ्याला भिंग लावायचं, कुठली आई कितव्या दिवशी व्याली, पिल्लं किती, ते वहीत लिहायचं. मोबाइल आले आणि दुकान बसलं, पाठोपाठ बायको खातूनबी गेली. घरात भिंग तेवढं कामाचं उरलं होतं.

सहा बरण्यांत साधं पाणी, सहांत माशाच्या टाकीतलं. मासा बरणीत कधीच उतरत नसे, जायचा तो नुसता त्याचा वास. पण तेवढ्यानंच पिसवांची गाळण उडायची. अंग भरायची वाट न बघता त्या लवकर व्यायच्या. पिल्लं बारकी, पण पुष्कळ. खाणारा समोर नसताना एवढं भ्यायचं, याचं वजीरभाईंना हसू यायचं.

एका मंगळवारी मासा टाकीत उलटा तरंगताना दिसला. वजीरभाईंनी त्याला पेरूखाली पुरलं आणि तोंडाला कुलूप लावलं. मासा गेला तर काम तिथंच थांबेल, दुसरा चालायचा नाही, असं नौशीननं बजावलं होतं. आणि काम थांबलं की फोन कशाला येईल? आकडे लिहून झाले की ती "ठेवते अब्बा" म्हणायची. एरवी तिला वेळ नसे, आणि तिच्या कामात नको म्हणून हे आपणहून कधी फोन करत नसत.

मग ते रिकाम्या टाकीतलंच पाणी बरण्यांत घालत राहिले. मात्र वहीत खोटा आकडा लिहायला हात धजावला नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्या घड्याळाला चुकीची वेळ लावून दिली नव्हती.

चौथ्या रविवारी आकडे ऐकता ऐकता नौशीन थांबली. माशाच्या पाण्यातल्या आया आता साध्या पाण्यातल्यांसारख्याच उशिरा आणि मोजकं वीत होत्या.

"अब्बा, मासा कवा मेला?"

त्यांनी तारीख सांगितली. का लपवलं, असं तिनं विचारलं, तर राहून गेलं म्हणाले. ती रागावली नाही. उलट वास गेल्यावर पिसवा किती दिवसांत सावरतात ते वहीतून नेमकं कळलं, म्हणून खूश झाली. आता बरण्या धुऊन ठेवा, म्हणाली.

पुढच्या रविवारी दहा वाजले, साडेदहा वाजले. वजीरभाईंनी कोरड्या बरण्या पुन्हा एकदा पुसल्या. त्यांना फार एकटं वाटलं. शेवटी त्यांनीच फोन लावला.

"काय झालं अब्बा? बरं हाय न्हवं?" नौशीनचा आवाज घाबरलेला होता.

"मला काय धाड भरलीय? आकडा एकबी न्हाई आज," ते म्हणाले. "तरी करावा वाटला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बोला अब्बा. बसलीय मी."

आता काय बोलावं ते वजीरभाईंना सुचेना. पण त्यांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला, आणि तिनंही ठेवला नाही.