संपतरावांची पारख

मुलगी ओट्यावर उभी होती आणि संपतराव तिच्याभोवती फिरत होते. एकदा उजवीकडून फिरले, एकदा डावीकडून. मग मागं सरून त्यांनी डोळे बारीक केले.

"ही परदेशातली हाय?"

"हो मामा," सून सृष्टी म्हणाली.

"बराबर बघून घेतली न्हवं?"

शिरड शहापूरच्या त्या गल्लीला सकाळपासून हाच प्रश्न पडला होता. संपतरावांचा मुलगा शिवहार अमेरिकेत कॉम्प्युटरचं काम करतो. लग्नाला पुष्कळ वर्षं होऊन मूल नव्हतं, म्हणून नवराबायकोनं तिकडच्याच एका देशातल्या अनाथाश्रमातून मुलगी दत्तक घेतली. ही बातमी फोनवरून आली तेव्हा गल्लीनं समजूतदारपणे मान हलवली होती, आणि मनातल्या मनात एका गोऱ्यापान, पिवळ्या केसांच्या लेकराची तयारी करून ठेवली होती. शेजारच्या शकुबाईंनी तर दृष्ट काढायला मिरच्याही बाजूला काढल्या होत्या. आणि गाडीतून उतरली ती सावळी, काळ्याभोर केसांची, गोल तोंडाची चार वर्षांची इनेस. वसमतच्या एसटीतून उतरली असती तर कंडक्टरनंही वळून बघितलं नसतं. शकुबाईंनी मिरच्या परत डब्यात टाकल्या.

"इतकं इमानात बसून जायचं आन् असंच आनायचं?" शकुबाईंचे मालक संतराम म्हणाले. "असं तर वारंगा फाट्यावर बी भेटलं असतं."

देशाचं नाव पेरू आहे असं शिवहारनं सांगितल्यावर संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. देशाला कोणी फळाचं नाव ठेवत नाही, एवढं संतरामांना कळत होतं. गल्लीत सरळ दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, पोरगी शिवहारचीच आहे, बाहेरची, नाक बघा. दुसऱ्याचं म्हणणं, नांदेडहून आणली आणि विमानाचा खर्च वाचवला. दोन्ही तट चहाला मात्र एकत्रच आले होते.

संपतरावांचं मत तिसरं होतं आणि ते धंद्यातून आलेलं होतं. शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात त्यांनी आयुष्यभर दलाली केली. विकणारा आणि घेणारा यांच्या मधोमध उभं राहायचं, जनावर दोघांनाही पटवायचं आणि स्वतः कोणावरच विश्वास ठेवायचा नाही, असं ते काम. भाव तोंडानं बोलायचा नाही. उपरण्याखाली समोरच्याचा हात धरून बोटांनी बोलायचा. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरला तेव्हा संपतरावांनी सवयीनं त्याखाली हात घालून भटजींची तीन बोटं दाबली होती, असं गावात सांगतात. त्यांची बायको सुभद्राबाई हे नाकारत नाहीत.

त्यांचा एक नियम होता. विकणारा आपणहून गुण सांगायला लागला की आधी खूर बघायचे. आणि सृष्टी मघापासून गुणच सांगत होती.

"खाण्यापिण्याची काही तक्रार नाही तिची, मामा. समोर येईल ते खाते. रात्री उठत नाही. आल्यापासून एकदाही रडली नाही."

"एकदा बी न्हाई?"

"एकदाही नाही."

संपतरावांनी शिवहारकडं बघितलं, शिवहारनं चहाच्या कपाकडं. न ओरडणारं करडू संपतरावांनी आजवर एकाही गिऱ्हाइकाला घेऊ दिलं नव्हतं.

"वय काय म्हनलं?"

"चार, आबा," शिवहार म्हणाला. "किती डाव इचारून राहिले?"

"कोनी सांगितलं चार?"

"आश्रमानं."

"म्हंजे इकनाऱ्यानं."

"आबा, इकत न्हाई कोनी तिथं!"

पुढचं जे झालं त्यात वाईट हेतू नव्हता. खरं तर हेतूच नव्हता. हात आपोआप गेला. डाव्या हातानं हनुवटी धरली, उजव्या अंगठ्यानं ओठाचा कोपरा दाबला, आणि इनेसचं तोंड करडासारखं अलगद उघडलं. संपतरावांनी ते उजेडाकडं वळवलं. वरचे समोरचे चारही दात नव्हते.

"फसिवलं!" संपतराव म्हणाले. आवाजात दुःख कमी आणि समाधान जास्त होतं. इतक्या वेळानं संशयाला जागा सापडली होती. "समोरचे दात पडलेत. हे चार वर्साचं न्हाई, सातचं हाय. अमेरिकेत ऱ्हाऊन तोंड उघडून बघायचं कळलं न्हाई का रे तुला?"

ओट्यावर एकदम बाजार भरला. दोन्ही तटांना हे तिसरं मत पटलं.

"सात वर्साचं म्हंजे याददाश्त पक्की," संतराम म्हणाले. "उद्या मोठं हून निघून जाईल आपल्या गावाला. शिवहार, वापस करायची काही मुदत ऱ्हाती का रे? आपल्या बाजारात तर तिसऱ्या दिसापतुर चालतं."

"संतराम, त्वांड बंद कर," आतून सुभद्राबाई ओरडल्या.

"पडले नाहीत ते," सृष्टी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण तिनं मामा म्हटलं नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं. "काढले. आश्रमात लेकरं ढीगभर आणि सांभाळायला बायका चार. रडू नयेत म्हणून साखरेच्या पाण्याची बाटली तोंडात देऊन ठेवायच्या. दिवसभर. समोरचे दात सगळे किडले. डॉक्टरनं काढले तेव्हा मी जवळ होते. तेव्हाही नाही रडली."

संपतरावांचा अंगठा अजून हवेतच होता. तो त्यांनी धोतराला पुसला.

या बोलण्यातलं एक अक्षरही इनेसला कळत नव्हतं. पण तिला दुसरंच काहीतरी कळलं होतं, आणि ते तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. तिनं तोंड मिटलं. अंग ताठ केलं. मग कोणी न सांगता दोन्ही हात पुढं केले. तळवे दाखवले, उलटे करून नखं दाखवली. केसांत काही नाही हे दिसावं म्हणून मान खाली घालून डोकं पुढं केलं. मग पाठ वळवली, थोडा वेळ थांबली, पुन्हा समोर झाली. सगळं अगदी शिस्तीत. जत्रेतला खेळ बघावा तशी गल्ली बघत राहिली. कोणीतरी हसलंसुद्धा.

दाखवून झाल्यावर ती घरात गेली. आली ती आपली छोटी पिशवी घेऊन. उंबऱ्यावर बसून तिनं पायांत बूट चढवले, त्यांच्या पट्ट्या दाबून चिकटवल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि शिवहारला तिच्या भाषेत एक वाक्य विचारलं.

शिवहारनं मान फिरवली.

"काय म्हनली?" संपतरावांनी विचारलं.

"काही न्हाई."

"आरं, काय म्हनली ती?"

"इचारून राहिली," शिवहार म्हणाला, "आता कोनाबरोबर जायचं."

सृष्टी तिच्याजवळ जाऊन बसली, तिच्या भाषेत समजावू लागली. इनेस ऐकत होती, मानही हलवत होती, पण डोळे संपतरावांवरून काढत नव्हती. ज्यानं तोंड उघडून बघितलं, घेऊन जाणार तोच, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

"बाजार उठला," संपतराव गल्लीकडं वळून म्हणाले. "चला. निघा."

"च्या व्हायचा हाय आजून," संतराम म्हणाले.

"तुझ्या घरी पी."

ओटा रिकामा झाला. संपतराव बराच वेळ खांबाला टेकून उभे राहिले. बाजारात त्यांच्या हातून चूक झाली असेल, नाही असं नाही. पण ती चूक दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन उभी राहायची. ही त्यांच्याच उंबऱ्यावर बसली होती.

त्यांनी प्रयत्न केले. गुळाचा खडा दिला. तिनं निमूट घेतला आणि पिशवीत ठेवला, प्रवासात लागेल म्हणून. कोपऱ्यातलं करडू आणून दाखवलं. तिनं ते बघितलं आणि पिशवी जास्त घट्ट धरली. शेवटी ते गुडघे धरत तिच्यासमोर खाली बसले आणि त्यांनी आपलं तोंड उघडलं. आतली अवस्था काही सांगण्यासारखी नव्हती. इनेसनं वाकून लक्षपूर्वक पाहिलं, वरचं पाहिलं, खालचं पाहिलं, आणि पुन्हा सरळ बसली. माल तिला पसंत पडलेला दिसला नाही.

"मामा, राहू द्या आता," सृष्टी म्हणाली. "बूट काढायचं नाव घेणार नाही ती. आमच्याकडे आली तेव्हाही काढत नव्हती. झोपायचीसुद्धा घालून."

"मग काढले कवा?"

"तिचे तिनंच. किती दिवसांनी ते मी नाही मोजलं."

दिवस कलला. सुभद्राबाईंनी स्वयंपाकघरात ताटं मांडली. "इनूबाई, चल गं माय," त्यांनी हाक मारली. नाव त्यांनी आल्या आल्याच बदलून घेतलं होतं. इनूबाई आली. बुटांसकट आली, पिशवीसकट ताटावर बसली. सुभद्राबाईंनी तिच्या पायांकडं बघितलं आणि न बघितल्यासारखं करून भाकरी वाढली.

संपतराव हात धुऊन आले. ताटापर्यंत आले, थांबले, परत फिरले आणि बाहेर गेले. आत आले तेव्हा त्यांच्या पायांत वहाणा होत्या. बाजारच्या, कुरकुर वाजणाऱ्या, शेणामातीत मुरलेल्या. ते तसेच करकरत चुलीसमोरून चालत आले आणि इनेसच्या शेजारी ताटावर बसले.

"आवं!" सुभद्राबाईंच्या हातातला पळा तसाच राहिला. "वहाना घालून ताटावर? चुलीम्होरं? डोस्कं ठिकानावर हाय का?"

"वाढ."

"आदी काढा ते."

"तिच्या पायात हाय तवर माझ्या बी ऱ्हातील. वाढ म्हनलं न्हवं?"

सुभद्राबाईंनी वाढलं. बेसनाचा पळा ताटावर आपटला तो जरा जोरातच. शिवहार खाली मान घालून जेवत होता. त्याला ठसका लागला तो हसण्याचा होता की कशाचा, ते त्यानं कळू दिलं नाही.

इनेसनं संपतरावांच्या पायांकडं बघितलं. मग तोंडाकडं. पुन्हा पायांकडं. हा माणूसही निघायच्या तयारीनं बसला आहे की काय, आणि निघायचं तर इतक्या सावकाश भाकरी का कुस्करतो आहे, याचा तिला उलगडा होत नसावा. ती बघत राहिली, संशयानं, जराही घाई न करता. संपतराव जेवत राहिले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. पहिल्यांदाच आयुष्यात त्यांनी समोरच्याकडं न बघता बसून राहायचं ठरवलं होतं.

थोड्या वेळानं इनेसच्या ताटाजवळून चर्र असा आवाज आला. एका बुटाची पट्टी सुटली होती. एकाच.