आर्डिसचा पियानो आणि व्हर्लिनचा फवारा

व्हर्लिन टॉलेफसन शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाला ऑक्टोबरच्या शेवटी, आणि नोव्हेंबर संपायच्या आत त्याच्या बायकोच्या, आर्डिसच्या घरात कुरकुरणारं एकही दार उरलं नाही.

सदतीस वर्षं त्यानं गावातल्या शाळेचा बॉयलर, कुलपं, नळ आणि बाकं सांभाळली होती. हाताला काम नसलं की त्याचे हात आपसूक चुळबुळ करायचे. त्यात एका रविवारच्या पुरवणीत त्याला एक लेख सापडला. गंजलेले बोल्ट सैल करायला गॅरेजमध्ये जो तेलाच्या फवाऱ्याचा डबा असतो, त्याचे पन्नास अनपेक्षित घरगुती उपयोग! व्हर्लिननं कात्रण फ्रीजवर चिकटवलं, शेजारी दोरीला पेन्सिल बांधली, आणि एकेका उपयोगावर तो बरोबरची खूण करत सुटला.

सुरुवातीला आर्डिसची काही तक्रार नव्हती. नातीनं जिन्याच्या भिंतीवर मेणाच्या खडूंनी काढलेला जांभळा घोडा फवाऱ्यानं खरंच निघाला. बर्फ उपसायच्या फावड्याला बर्फ चिकटेना. पक्ष्यांच्या दाण्याच्या खांबाला तेल मारलं, तेव्हा एक जाडी खार अर्ध्यापर्यंत चढून सरसर खाली आली आणि वर बघत बसली. तेव्हा तर आर्डिस खिडकीपाशी उभी राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

मग त्यानं तिच्या रविवारच्या कोटाची चेन ‘गुळगुळीत’ केली. चेन गुळगुळीत झाली आणि कोटावर बशीएवढा डाग पडला. बरण्यांवरची लेबलं काढली, तर बीटच्या लोणच्याला गॅरेजचा वास येऊ लागला. पण सगळ्यांत जास्त ताप झाला तो दारांचा. पूर्वी व्हर्लिन कुठल्या खोलीत आहे हे तिला बसल्या जागी कळायचं. आता तो आवाज न करता पाठीशी येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, “काय करतेयस?”

“दचकतेय!” आर्डिस म्हणायची. आठवड्यात दोन कप फुटले.

“ते नळाखालचं—”

“नळाला काही झालेलं नाही, व्हर्लिन.”

“अजून नाही,” तो म्हणायचा, आणि ओट्याखाली शिरायचा.

बैठकीच्या खोलीत आर्डिसचा पियानो होता. ती अकरा वर्षांची असताना त्यांच्या भागातली एका खोलीची शाळा बंद पडली. तिथला पियानो कुणालाच नको होता. तिच्या वडिलांनी तो गवताच्या गाडीवर चढवून शेतातून घरी आणला होता. त्याच पियानोवर आर्डिसनं पुढं अर्ध्या गावाला बोटं ठेवायला शिकवलं. चर्चमध्ये चाळीस वर्षं तीच वाजवत होती, आणि रविवारची भजनं ती बुधवारी दुपारी घरी बसवायची. त्या हिवाळ्यात मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या दाबल्या की वर यायला कंटाळा करू लागल्या.

“ट्यूनरला फोन करायला हवा,” ती जेवताना म्हणाली. तेवढंच म्हणाली.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ती बहिणीकडे कुकीज भाजायला गेली. संध्याकाळी परत आली तर व्हर्लिननं कॉफी करून ठेवलेली, केस विंचरलेले.

“बस,” तो म्हणाला. “वाजव.”

तिनं कोट न काढताच पट्ट्यांवर हात ठेवला. पट्ट्या लोण्यात सुरी जावी तशा खाली गेल्या आणि टुणकन वर आल्या. मग तिला वास आला.

“व्हर्लिन. तू काय केलंस?”

“पियानो कात्रणात नाहीच आहे!” त्याचा चेहरा फुलून आला होता. “एक्कावन्नावा उपयोग माझा. दोनच कशाला, सगळ्या पट्ट्यांवर मारलं. वरचं झाकण उघडलं, तर आतल्या तारांच्या खुंट्यांवरही गंज होता. त्यांनाही एक एक फवारा दिला.”

 पियानो वाजत होता, मग बोलायचं काय? तिनं झाकण लावलं आणि वर जाऊन कोट काढला.

बुधवारी मधले सूर खाली घसरलेले होते. शुक्रवारपर्यंत नऊ पट्ट्या दाबल्या की खालीच राहायला लागल्या, आधीच्या दोन्हींपेक्षा वाईट. ख्रिसमसची सगळी भजनं तिला चर्चमध्ये जाऊन बसवावी लागली. तिथं आठवडाभर हीटर बंद असायचा. ती टोपी घालून, बोटं उघडी असलेले मोजे घालून वाजवत बसली, आणि दर पानागणिक तिचा पारा चढत गेला.

नाताळानंतर ओरिन स्टेजबर्ग आला. चाळीस मैलांच्या परिसरात पियानो सुरात लावणारा तो एकटाच ट्यूनर. पंचाहत्तरीचा, उंच, कमी बोलणारा. त्यानं पुढची फळी काढली, वाकून वास घेतला, आणि चष्मा काढून स्टुलावर बसला.

“कोणी केलं हे?”

व्हर्लिननं शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

“मी पियानोत उंदरांची घरटी बघितलीत,” स्टेजबर्ग म्हणाला. “एकदा तर हॉटडिशचं, म्हणजे भाजलेल्या मांस-बटाट्याचं, अख्खं भांडं सांडलेलं बघितलंय, चीजसकट. पण इतक्या काळजीनं बिघडवलेला पियानो पहिल्यांदाच बघतोय. एकही पट्टी सोडली नाहीत.”

“म्हणजे दुरुस्त होणार नाही?” आर्डिसनं विचारलं.

“खुंट्या लाकडात घट्ट बसलेल्या असतात, बाई, म्हणून तार ताणलेली राहते. त्या लाकडानं आता तेल प्यायलंय. मी सूर लावीन, तो संध्याकाळपर्यंत उतरेल. तीसेक ठिकाणी जाड खुंट्या ठोकून बघता येईल. पण प्रत्येक पट्टीच्या भोकात लोकरीचं बारीक कापड असतं, ते तेलानं फुगलंय. ते सगळं खरवडून नवं लावायचं. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, दोन-दोन जागी.” त्यानं स्वतःचे हात पुढं धरले. ते थोडे थरथरत होते. “खुंट्या मी करीन. कापडाचं काम आता माझ्यानं होत नाही.”

“मी करतो,” व्हर्लिन म्हणाला.

“तू हातसुद्धा लावायचा नाहीस!” आर्डिस एवढ्या जोरात ओरडली की स्टेजबर्गनं पिशवी आवरायला घेतली.

“अगं, तूच म्हणालीस पट्ट्या अडकतायत—”

“मी म्हणाले ट्यूनरला फोन करायला हवा! फोन करायचास! सदतीस वर्षं तू तिकडं शाळेत होतास आणि मी इथं. हे घर माझी कामाची जागा आहे, व्हर्लिन. मी कधी तुझ्या बॉयलरच्या खोलीत येऊन व्हॉल्व्ह फिरवले? कधी विचारलं, काय करतोयस म्हणून? तू आलास, आणि पहिल्या दिवसापासून जे दिसेल त्याला तेल! दाराला, कोटाला, लोणच्याला! मला एकदा तरी विचारलंस?”

 व्हर्लिननं जाकीट घेतलं आणि तो गॅरेजमध्ये गेला. बाहेर तापमान शून्याखाली वीस होतं. गॅरेजमधला हीटर त्यानंच नोव्हेंबरात दुरुस्तीला खोलून ठेवला होता.

स्टेजबर्ग कॉफी घेऊन निघून गेला. आर्डिसनं बटाटे सोलले. तासाभरानंही तो आला नाही, तेव्हा ती चरफडत गॅरेजच्या दारात गेली. तो उलट्या बादलीवर बसला होता, नाक लाल झालेलं.

“न्यूमोनिया करून घेतलास तर तेही मलाच निस्तरावं लागेल,” ती म्हणाली. “आत ये.”

“मला वाटलं होतं तू खूश होशील.”

“ठाऊक आहे. म्हणून तर जास्त राग येतो.”

दोन दिवस तिनं विचार केला आणि मग अटी सांगितल्या. फवाऱ्याचा डबा घरात येणार नाही. पट्ट्यांचं काम त्यानंच करायचं, पण जेवणाच्या टेबलावर, तिच्या डोळ्यांसमोर. आणि काहीही करण्याआधी विचारायचं.

आता कटकट वेगळीच सुरू झाली. स्टेजबर्गनं व्हर्लिनला एक दुपार बसवून सगळं शिकवलं. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या नंबर घालून टेबलावर पसरल्या, आणि फेब्रुवारीभर दोघं मांडीवर ताट घेऊन जेवले. किटलीची वाफ देऊन जुनं कापड सैल करायचं, चिमट्यानं ओढायचं, खरवडायचं, नवं चिकटवायचं. आर्डिसच्या सूपच्या वाटीत एकदा लाल लोकरीचा तुकडा निघाला.

आणि तो विचारायचा. “आर्डिस, सतरावी काढू का?”

“काढ.”

“अठरावी?”

“व्हर्लिन, देवाशपथ सांगते, विचारू नकोस.”

“म्हणजे विचारायचं की नाही? एकदा नीट ठरव.”

तिनं हातातलं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. त्यानं ते घडी करून बाजूला ठेवलं आणि अठरावी पट्टी उचलली. त्याचं काम मात्र चोख होतं. चिमटा धरलेली ती जाड बोटं एकदाही घसरली नाहीत. चिडून चिडून दमली असतानाही हे तिच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही.

एप्रिलमध्ये स्टेजबर्गनं जाड खुंट्या ठोकल्या, तारा चढवल्या आणि तीन आठवड्यांत चार वेळा सूर लावला. चौथ्यांदा बहुतेक सूर टिकले. खालच्या सप्तकातली एक खुंटी मात्र काही केल्या धरेना. त्यानं व्हर्लिननं बसवलेल्या पट्ट्या एकेक करून दाबून बघितल्या, पुन्हा पहिल्यापासून दाबल्या, आणि आर्डिसकडं वळला.

“बाई, एक विचारायचं होतं. माझ्याकडं कापडाची कामं साठलीत. हातांचं तुम्ही बघताच आहात. मंगळवारी आणि गुरुवारी मी तुमच्या नवऱ्याला माझ्याबरोबर फिरतीवर—”

“न्या,” आर्डिस म्हणाली.

“मला विचारणार आहात का कोणी?” व्हर्लिन स्वयंपाकघरातून म्हणाला.

“तुला जायचंय का?”

तो दारात आला, पँटला हात पुसत. “किती वाजता निघायचं?”

पुढच्या मंगळवारी साडेसातला स्टेजबर्गची व्हॅन रस्त्याच्या वळणाआड गेली. आर्डिसनं भांडी तशीच सिंकमध्ये ठेवली, कॉफीचा दुसरा कप घेतला आणि पियानोपाशी बसली. घरात तिच्याखेरीज कुणी नव्हतं. ती साडेनऊपर्यंत वाजवत राहिली. खालचा तो बेसूर सूर दर कडव्यात दोनदा येत होता, आणि दोन्ही वेळा तिनं तो ठणकावून वाजवला.