निळ्या साडीतली बाई

"मॅडम, तुमी लय भारी दिसायलात यात," असं म्हणत हरिओमनं कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर पेनही ठेवलं, म्हणजे पुढं काय करायचं ते सांगायची गरज उरू नये.

कागद गुळगुळीत होता. वर रंगीत फोटो. छतापर्यंत लाकडी कपाटं, खिडकीतून तिरपं ऊन, माना वर करून बसलेली पन्नासेक पोरं आणि फळ्यापाशी निळ्या साडीतली एक गोरी, सडपातळ बाई. खाली लिहिलं होतं : वाचक शिक्षण कार्यक्रम. मार्गदर्शक : सुकेशनी खिल्लारे, ग्रंथपाल.

सुकेशनीकडं निळी साडी नव्हती. ती ना गोरी होती, ना सडपातळ. आणि तिच्या ग्रंथालयातली कपाटं लोखंडी होती.

"ही कोण रे?"

"तुमीच की. एआयनं काढलाय. अहवालबी त्यानंच लिवला. मी दोन ओळी टाकल्या, अन् चहा येईस्तोवर अख्खा कार्यक्रम झाला बगा." हरिओम कॉलेजचा लिपिक. पोरगा मनानं साधा, पण वरून हुकूम आला की विचार करायचं काम दुसऱ्याचं, अशी त्याची समजूत होती.

सुकेशनीनं अहवाल वाचायला घेतला. कार्यक्रम झकास झाला होता. विद्यार्थी भारावले होते. शेवटी एका विद्यार्थिनीचा अभिप्राय होता : मॅडमच्या मार्गदर्शनाने माझ्या आयुष्याला दिशा मिळाली. ते वाक्य तिनं दोनदा वाचलं. दर जुलैत ती नव्या पोरांना घेऊन कपाटांमधून फिरायची. पुस्तक कसं हुडकायचं, लिहिणारा कोण आहे ते कसं बघायचं, दोन पुस्तकांनी दोन तऱ्हा सांगितल्या तर काय करायचं, हे जीव तोडून सांगायची. दिशाबिशा कुणी कधी म्हटलं नव्हतं. फार तर एखादी विचारायची, "झालं का मॅडम? जाऊ का?" आणि आता न घेतलेल्या तासाचं कौतुक वाचून तिला क्षणभर बरं वाटलं. बरं वाटलं म्हणूनच तिचं डोकं फिरलं. कागद उचलून ती थेट प्राचार्यांच्या खोलीत गेली.

सूर्यभान सर माणूस वाईट नव्हते. पत्र्याच्या दोन खोल्यांतून त्यांनी हे कॉलेज उभं केलं होतं आणि ते बंद पडण्याच्या धास्तीनं त्यांचे केस पिकले होते.

"सर, तास घेते, मग सही करते."

"घ्या की. पोरं कुठून आणताल? औंदा किती आली होती तासाला?"

"एक."

"तीबी पंख्याखाली बसायला." सर हसले नाहीत. "मॅडम, आता मोबाइलला इचारलं की मिळायलंय सगळं. पोरं येत न्हाईत, प्राध्यापक आपला तास तुमाला सोडीत न्हाईत. पण परवा कॉलेजची मान्यता तपासायला समिती यायलीय, तिला कार्यक्रम दिसला पाहिजे. कामून हात दाखवून अवलक्षण करायलात? कॉलेजच राहिलं न्हाई तर तास कुठं घेताल?"

प्रश्न खरा होता, म्हणून तिला लागला. सर हळूच पुढं म्हणाले, "अन् तुमची नेमणुकीची ऑर्डर जूनमधी निघायचीय." ती दर वर्षी त्यांच्याच सहीनं निघायची. हे त्यांनी आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"मोबाइलला इचारायलेत म्हणून तर तास पाहिजे सर. पुस्तकावर लिवणाऱ्याचं नाव तरी असतंय." तिनं कागद सही न करता टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ग्रंथालयाला कुलूप लावलं आणि फाटकासमोरच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. पोरं कपाटापाशी येत नव्हती, पण बसची वाट पाहायला सगळ्यांना इथंच यावं लागत होतं. थांब्यावर ताडकळसकडं जाणाऱ्या दहा-बारा पोरी होत्या. प्रियांका मोबाइलमध्ये तोंड घालून पर्यावरणाचा प्रकल्प सांगत होती आणि तो भराभरा लिहून देत होता.

"प्रियांका, त्याला इचार बरं, ताडकळसचा बाजार कोणत्या वारी असतो?"

मॅडम इथं कशा, म्हणून पोरी आधी बावरल्या. प्रियांकानं विचारलं. मोबाइलनं एक वार सांगितला. शेजारच्या दीपिकानंही आपल्या मोबाइलला विचारलं. त्यानं दुसराच वार सांगितला, आणि वर बाजारात काय काय मिळतं त्याचं वर्णनही केलं. दोघांचा थाट सारखाच. पोरी खिदळायला लागल्या. ज्या गावात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, तिथला बाजार कधी भरतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

सुकेशनीनं त्यांना पोटभर हसू दिलं. मग म्हणाली, "बाजाराचा वार तुमाला ठाऊक होता, म्हणून हसलात. जे ठाऊकच न्हाई, तिथं कशा हसताल?"

हसू थांबलं. प्रियांकानं हातातल्या प्रकल्पाकडं पाहिलं.

"मग काय करायचं मॅडम?" दीपिकानं विचारलं. तिच्या घरी शेरडं-मेंढरं होती आणि कॉलेजात येणारी ती घरातली पहिलीच होती.

सुकेशनी सांगायला लागली, तेवढ्यात बस आली. पोरी पिशव्या सावरत दाराकडं धावल्या आणि तास अर्ध्यावर राहिला.

तिसऱ्या दिवशी समिती आली. अहवाल फायलीत होताच. सहीच्या जागी कॉलेजचा गोल शिक्का मारला होता. समितीचे अध्यक्ष शांत, वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी फोटो पाहिला आणि कौतुकानं म्हणाले, "कार्यक्रम छान झालेला दिसतो, मॅडम."

सूर्यभान सर तिच्याकडं पाहत होते. त्या नजरेत धमकी नव्हती, विनवणी होती. धमकी असती तर तिला सोपं गेलं असतं.

"झाला सर. पण हा न्हाई," सुकेशनी म्हणाली. "ती बाई मी न्हाई, अन् ती पोरंबी आमची न्हाईत. माझा तास काल बसथांब्यावर झाला. दहा-बारा पोरी होत्या. बस आली, म्हणून अर्धाच झाला."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "त्याचा फोटो आहे का?"

"न्हाई."

"मग नोंद कशी करायची?" असं पुटपुटून त्यांनी पान उलटलं. चहा आला. बिस्किटाची बशी फिरली. नसलेल्या कार्यक्रमाला फोटो होता आणि झालेल्याला नव्हता, तेव्हा बिचारी समिती तरी काय करणार.

सर बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता. "उद्यापासून किल्ल्या हरिओमकडं द्या."

"आजच देते."

तिनं जुडगा हरिओमच्या टेबलावर ठेवला. त्यानं मान वर केली नाही. ती फाटकाबाहेर आली. इतक्या वर्षांनी हात रिकामे होते आणि ते कुठं ठेवावेत हे सुचत नव्हतं. थांब्यावर बस उभी होती, पोरी चढत होत्या. सुकेशनीही चढली.

"कुठं मॅडम?" कंडक्टरनं विचारलं.

"ताडकळस."

ताडकळसला तिचं कुणी नव्हतं. घर तर उलट्या दिशेला होतं. तिकीट पर्समध्ये टाकून ती पोरींकडं तोंड करून उभी राहिली.

"काल दीपिकानं इचारलं होतं, ठाऊक नसलं तर काय करायचं. पहिली गोष्ट, सांगणाऱ्याला इचारायचं, हे तुला कुणी सांगितलं? कोणत्या पुस्तकात हाय? मग ते पुस्तक हुडकायचं. सापडलं न्हाई, तर त्याच्यावर इसंबायचं न्हाई."

"आमचा आजा बकरी घेताना असंच करतो," दीपिका म्हणाली. "कुणाच्या कळपातली, इचारतो. इकणारा चाचरला, तर बकरीला हातबी लावत न्हाई."

"बरोबर करतात. अन् कळपाचं नाव सांगितलं, तर?"

"तर त्या गावात कुणाला तरी इचारून घेतो."

बस सुरू झाली. पत्रे खडखडू लागले, इंजिनाच्या आवाजात शब्द बुडायला लागले. मागच्या बाकावरून प्रियांका अर्धवट उठली.

"मॅडम, मागं ऐकू येईना. जरा मोठ्यानं सांगा."

सुकेशनीनं वरची दांडी घट्ट धरली आणि आवाज चढवला.